पाण्याखालच्या फोटोत लाल रंग येतो कुठून?

मालवण-तारकर्लीला स्कूबा केलं असेल, तर तिथून मिळालेला व्हिडिओ आठवा. बरंचसं हिरवट, धुरकट दिसतं. आणि मासिकांतल्या फोटोंत मात्र लालभडक मासे, केशरी प्रवाळ! फरक फक्त महागड्या कॅमेऱ्याचा आहे का? तर नाही. खरा फरक उजेडाचा आहे, आणि पाण्याखालच्या फोटोग्राफीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी हा उजेड खाली नेण्याचा इतिहास.

आधी थोडं भौतिकशास्त्र. पाणी सगळे रंग सारखे शोषत नाही. स्वच्छ समुद्रात लाल सर्वांत आधी जातो, मग नारिंगी, पिवळा. निळा सर्वांत खोल पोचतो. म्हणूनच खूप खाली जखम झाली तर रक्तसुद्धा लाल दिसत नाही, हिरवट-काळपट दिसतं.

1856 साली इंग्लंडमध्ये वेमथजवळ विल्यम थॉम्पसन यांनी पेटीत बंद केलेला कॅमेरा समुद्रात सोडला आणि वर होडीतून दोरी ओढून फोटो घेतला. पेटीत पाणी शिरलं, फोटो अंधूक आला, पण आला!

खरं शास्त्रीय काम सुरू केलं ते लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने, 1893 मध्ये, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बान्यूल्स इथल्या सागरी प्रयोगशाळेत. कॅमेऱ्याची जलरोधक पेटी त्याच्या इंजिनिअर भावाने बनवली. अडचण एकच: एका फोटोला कधी कधी अर्धा तास लागायचा. इतका वेळ मासा थोडाच थांबणार? मग बुताँने एक अजब दिवा वापरला. ऑक्सिजन भरलेलं पिंप, त्यावर काचेच्या आवरणात स्पिरिटचा दिवा, आणि रबरी फुगा दाबून ज्योतीवर उडवायची मॅग्नेशियमची पूड. हे सगळं धूड पाण्याखाली न्यायचं! फोटो अर्थात कृष्णधवल होते, त्यामुळे लाल रंगाचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला 1926 मध्ये. फ्लोरिडाजवळच्या ड्राय टोर्टुगास बेटांपाशी मत्स्यतज्ज्ञ विल्यम लाँगली आणि नॅशनल जिओग्राफिकचे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी माशांचे रंगीत फोटो घेतले. त्या काळच्या ऑटोक्रोम काचांना प्रचंड उजेड लागायचा. म्हणून त्यांनी तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड ठेवली आणि कॅमेऱ्याचं बटण दाबताच ती पेटेल अशी सोय केली. काम धोक्याचं होतं, पण जानेवारी 1927 च्या अंकात हे फोटो छापून आले.

पुढे एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला आणि 1950 च्या दशकात ते जाक कुस्तोंच्या मोहिमांत सामील झाले. फ्लॅश पाणबुड्याच्या हातात आला की काय होतं बघा: सूर्याचा उजेड वीस मीटर पाणी कापून येतो, फ्लॅशचा मात्र जेमतेम मीटरभर जाऊन परत येतो. एवढ्या अंतरात लाल रंग टिकतो. थोडक्यात, फोटोतला लाल रंग माशाचाच असतो, पण तो दिसतो आपण नेलेल्या उजेडात.

इथे तुम्ही म्हणाल, फोटो छान आला ना, मग झालं! पण संशोधनात हा मुद्दा कळीचा आहे. पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडतात, आणि हे विरंजन आपण बऱ्याचदा फोटोंवरून मोजतो. समजा, एका वर्षीचा फोटो फ्लॅश लावून काढला आणि पुढच्या वर्षीचा न लावता. मग रंगातला बदल प्रवाळाचा की दिव्याचा? म्हणून प्रवाळाशेजारी ठरावीक रंगांची पट्टी ठेवून फोटो काढतात. 2019 मध्ये देर्या अक्कायनाक आणि ताली त्रेबित्झ यांनी ‘सी-थ्रू’ ही पद्धत मांडली. वस्तू कॅमेऱ्यापासून किती दूर आहे यावरून पाण्याने किती रंग खाल्ला, याचा हिशोब ती करते आणि तो रंग चित्रात परत आणते.

तेव्हा पाण्याखालचा पुढचा फोटो पाहाल, तेव्हा कॅमेरा कुठला हे जरूर विचारा, पण त्याआधी उजेड कुठला होता ते विचारा. आणि स्वतः काढणार असाल तर साधी गोष्ट: झूम करू नका, जवळ जा. पण प्रवाळाला हात न लावता!