योहान याकोब राइस्के : अरबी आणि ग्रीक

अठराव्या शतकातील जर्मन ग्रीक पंडितांत योहान याकोब राइस्के (१७१६–१७७४) याचे नाव मुख्यतः ग्रीक वक्त्यांच्या भाषणांच्या बारा खंडांच्या आवृत्तीमुळे घेतले जाते. तथापि त्याच्या विद्वत्तेचा कस प्रथम अरबीतच लागला, आणि त्याची जबर किंमतही त्याला तेथेच मोजावी लागली.

लाइपझिग येथे शिक्षण झाल्यावर तो १७३८ मध्ये हॉलंडातील लायडन येथे गेला, तो तेथील अरबी हस्तलिखितांच्या ओढीने. मुद्रितशोधन करून त्याने पोट भरले. तेथील प्राध्यापक शुल्टेन्स हे बायबलमधील हिब्रू शब्दांचा उलगडा करण्यासाठी अरबीचा उपयोग करीत. किंबहुना त्या काळी अरबीचे प्रयोजन एवढेच मानले जाई. राइस्केला हे मान्य नव्हते. अरबी ग्रंथ वाचावयाचे ते अरबांचा इतिहास जाणण्यासाठी, ही त्याची भूमिका आज कोणालाही स्वाभाविक वाटेल. त्या वेळी तिने गुरूचा रोष तेवढा पदरात पडला. १७४८ मध्ये लाइपझिगला अरबीचे प्राध्यापकपद मिळाले खरे, पण वेतन तुटपुंजे. चौदाव्या शतकातील हमा येथील राजा व इतिहासकार अबुल-फिदा याच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतराचा पहिला भाग त्याने १७५४ मध्ये प्रसिद्ध केला. ग्राहकांअभावी पुढचे काम खुंटले.

१७५८ मध्ये सेंट निकोलस शाळेचे प्रमुखपद मिळाले, तेव्हा कोठे विवंचना संपली. त्यानंतरचे ग्रीक कार्य मात्र एकट्याचे म्हणता येणार नाही. १७६४ मध्ये त्याच्याशी विवाहबद्ध झालेली एर्नेस्टीन म्युलर ही विवाहानंतर ग्रीक व लॅटिन शिकली, हस्तलिखितांच्या नकला करू लागली, पाठ ताडून पाहू लागली. डिमॉस्थिनीझच्या मुद्रणाला पैसा अपुरा पडला, तेव्हा तिने आपले दागिने मोडले. अशा स्त्रीस ‘साहाय्यिका’ म्हणून एका ओळीत आटोपणे अन्यायाचे होय. बारा खंडांपैकी पतीच्या निधनसमयी अपूर्ण राहिलेले काम तिनेच १७७५ मध्ये तडीस नेले, आणि १७८३ मध्ये त्याचे आत्मचरित्रही छापविले.

अबुल-फिदाचा ग्रंथ मूळ अरबीसह, राइस्केच्या भाषांतराने युक्त असा, कोपनहेगन येथे १७८९ ते १७९४ या काळात पाच खंडांत बाहेर पडला. तोवर राइस्केला जाऊन पंधरा वर्षे लोटली होती.