कारकुनी शिक्षणाचा जमाखर्च

जुन्या दप्तराचा रुमाल सोडतांच संग्राहकाची दृष्टि सनदांकडे व निवाडपत्रांकडे जाते. मेस्तकें, मोडी वळणाचे कित्ते व मायन्यांचीं बाडें मात्र बाजूस पडतात. लातूर तालुक्यांतील मुरुड किंवा तत्सम गांवच्या कुळकर्णी घराण्यांत असे कागद कोणास आढळल्यास त्यांनीं ते निरुपयोगी समजूं नयेत, एवढ्यासाठीं हें टिपण. चाकरास शिकविण्याचा खर्च धन्यास किफायतीचा कीं तोट्याचा, या प्रश्नाचा उलगडा याच कागदांवरून होण्यासारखा आहे.

मेस्तक म्हणजे दप्तर राखणें, हिशेब मांडणें व पत्रें लिहिणें यांविषयीं कारकुनास सांगितलेले नियम. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याजकडे परंपरा त्याचें कर्तृत्व देते. कर्तृत्वाचा वाद बाजूस ठेविला तरी एक गोष्ट उघड आहे. एका माणसाचें कसब दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचें असतें, तेथेंच लेखी नियमाची गरज पडते.

एरव्हीं हें कसब देण्याचा खर्च सरकारच्या वहींत दिसत नाहीं. कुळकर्णी आपल्या मुलास घरीं शिकवी. कचेरींतील उमेदवार आरंभीं बिनपगारी राबे. वरवर पाहतां सरकारास शिक्षण फुकट पडलें. परंतु त्यामुळें ज्ञान ठराविक घराण्यांतच कोंडलें, आणि गांवच्या हिशेबाची किल्ली वतनदाराच्या हातीं राहिली. खर्च झालाच, तो खतावला नाहीं, इतकेंच.

दप्तराची भाषा बदलली कीं हा तोटा उघडा पडे. शके १५९६ (इ. स. १६७४) मधील राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींनीं फारसी व दखनी शब्दांस संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करविला. त्याच्या दहा वर्गांत लेखनवर्ग व पण्यवर्ग स्वतंत्र आहेत. नवे शब्द घरच्या शिकवणींतून येणें शक्य नव्हतें. शिकविण्याचें साधन राज्यासच निर्माण करावें लागलें. मुरुड ज्या निजामी राज्यांत १९४८ पर्यंत होतें, तेथेंहि १८८४ मध्यें फारसीची जागा उर्दूनें घेतली. तेव्हां फारसींत मुरलेल्या कारकुनांपुढें हीच अडचण उभी राहिली असली पाहिजे.

सारांश, चाकरांच्या शिक्षणासाठीं धन्याजवळ पैसा मागणाऱ्यानें केवळ विद्येचा महिमा गाऊं नये. न शिकविल्यानें होणारी तूट मांडून दाखवावी. आणि ती मांडावयास पुरावा हवा, म्हणून संग्राहकांस विनंति कीं, कित्त्यांच्या समासांतील मित्या व दुरुस्त्या त्यांनीं जरूर टिपून ठेवाव्या. शिकणाऱ्याची चूक व शिकविणाऱ्याची दुरुस्ती एकाच पानावर सांपडणें, याहून या व्यवहाराचा अधिक भरंवशाचा पुरावा नाहीं.