ऊतिपेढीची वाटचाल

“अखेरच्या दिवशी धड शरीराने उठायचे आहे, डोळे काढून देऊ नका,” असे आपल्याकडील वडीलधारी माणसे आजही म्हणतात. त्यांच्या श्रद्धेचा उपहास करू नये. परंतु अर्नाळ्याच्या वा पाचूबंदरच्या ज्या दर्यावर्दींचे देह समुद्राने परत दिले नाहीत, त्यांच्या पुनरुत्थानाविषयी आपण कधी शंका घेतली आहे काय?

या भीतीला ख्रिस्तसभेने सत्तर वर्षांपूर्वीच उत्तर दिले. २८ फेब्रुवारी १९५६ रोजी मिलान येथे फादर कार्लो न्योक्की मरण पावले. युद्धात अपंग झालेल्या मुलांसाठी आयुष्य वेचलेल्या या धर्मगुरूने आपल्या डोळ्यांची पारपटले दोन अंध मुलांना देऊन टाकली होती. इटलीत त्यासाठी तेव्हा कायदाच नव्हता! त्याच वर्षी १४ मे रोजी पोप बारावे पायस यांनी नेत्रदात्यांपुढे भाषण करून असे दान प्रशंसनीय ठरवले. मात्र ते कर्तव्य म्हणून कोणावर लादू नये, असेही बजावले. योगायोग असा की, वसई ज्या मुंबई राज्यात होती, तेथे पारपटल-रोपणाचा कायदा लगेच १९५७ साली झाला.

डोळ्यांपलीकडील ऊतींना मात्र वाट पाहावी लागली. अमेरिकन नौदलाने १९४९च्या सुमारास हाडे व त्वचा साठवणारी पेढी उभारली होती. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साह्याने १९८८ साली ऊतिपेढी सुरू झाली. अणुऊर्जेचा येथे काय संबंध, असे वाचक विचारतील. दान मिळालेली ऊती जंतुविरहित करण्यासाठी गॅमा किरण लागतात, आणि तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड प्रकल्प १९७४पासून उभा होता.

या पेढीचे मोठे धन म्हणजे वारेचा पापुद्रा. पूर्वी घरच्या बाळंतपणात सुईण वार परसात पुरायला लावी. रुग्णालयांत ती कचऱ्यात जाई. तिच्यावरचे पातळ आवरण, ज्यात बाळ नऊ महिने सुरक्षित राहते, ते आईच्या संमतीने घ्यायचे, तिच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ इत्यादींसाठी तपासणी करायची, आवरण धुऊन, गोठवून, वाळवून पाकिटात बंद करायचे आणि मग किरण द्यायचे. असे पाकीट शीतकपाटाविना बराच काळ टिकते. भाजलेल्या जखमेवर ते आवरण घातले की वेदना कमी होतात व खाली नवी त्वचा धरते. नितंबाचा सांधा बदलताना काढून टाकलेले हाडही असेच कर्करोगाने पोखरलेल्या दुसऱ्याच्या हाडाची पोकळी भरण्यास उपयोगी पडते. येथे दाता जिवंत असतो आणि त्याचे काहीच उणे होत नाही.

ही पेढी नावारूपास आणणाऱ्या डॉ. ॲस्ट्रिड लोबो गजीवाला आपल्याच मुंबई धर्मप्रांतातील. ईशज्ञानाच्या अभ्यासक म्हणूनही त्या परिचित आहेत. भारतीय बिशप परिषदेच्या २०१०च्या स्त्रीविषयक धोरणाच्या मसुद्यात त्यांचा वाटा होता. प्रयोगशाळा आणि प्रार्थनामंदिर यांत भिंत असते असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

२००० साली शीवच्या महापालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी त्वचापेढी सुरू केली. तेथे त्वचा ग्लिसरीनमध्ये थंड ठेवली जाते. कायदा मात्र मागून आला. १९९४च्या कायद्याचा भर अवयवांवर होता. ऊती व ऊतिपेढ्या त्यात स्पष्टपणे आल्या त्या २०११च्या दुरुस्तीने.

मूत्रपिंड वा यकृत मृत्यूनंतर देण्यासाठी सहसा रुग्णालयातील मेंदूमृत्यू लागतो. डोळे व त्वचा यांचे तसे नाही. मृत्यू घरी झाला तरी ती देता येतात, पण सुमारे सहा तासांच्या आत. आपल्याकडे आखातातून मुलगा येईपर्यंत अंत्यविधी थांबतो, आणि दानाचा निर्णयही त्याच्यासाठीच थांबवला जातो. तो विमानतळावर उतरेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. त्वचा मांड्या, पाय व पाठ यांवरून पातळ थरात घेतात. चेहऱ्याला हात लागत नाही. पट्टी बांधून देह परत मिळतो, आणि शवपेटी पूर्वीसारखीच उघडी ठेवून मिस्सा करता येतो.