पायगाडीची शिकवणी

गेल्या वर्षीं मीं एक जुनी सायकल विकत घेतली. वय चौसष्ट, पेशा निवृत्त शाळामास्तरचा, मुक्काम मीरा रोडचें बेव्हर्ली पार्क. तेथून भाईंदरच्या एका शिकवणीवर्गास मी नेमानें जातों, आणि आतां सायकलीनें जातों. घरच्या मंडळींनीं परवानगी दिली ती एका अटीवर: एकदां पडलों कीं सायकल विकून टाकावयाची. या अटीकडे मी मागाहून येईन.

सायकलीचा इतिहास चाळूं लागलों तेव्हां आपल्याकडे प्रथम भेटला तो एक शिक्षकच. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असत. मूळचे ते चित्रकलेचे विद्यार्थी; परंतु रंगांची पारख नीट होत नाहीं असें ध्यानांत आल्यावर ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. मुंबईंत विकत घेतलेल्या सायकली ते बेळगांवीं आपले बंधु रामूअण्णा यांजकडे धाडीत, आणि रामूअण्णा त्या विकीत व लोकांस चालविण्यासही शिकवीत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नांवाचा आरंभ १८८८ सालच्या ह्या दुकानापासून धरतात.

तें साल ध्यानांत घेण्याजोगें आहे. जवळजवळ सारख्या चाकांची, सांखळीनें मागचें चाक फिरविणारी स्टार्लेची ‘रोव्हर’ १८८५ ची. डनलॉपनें हवेच्या टायरचा हक्क नोंदविला तो १८८८ सालींच. म्हणजे विलायतेंतही जी वस्तु अद्याप नवलाईची होती, तिचा व्यापार बेळगांवच्या दोघां भावांनीं मांडला! पुढें बढतीच्या वेळीं डावललें गेल्यामुळें लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडली व ते बेळगांवास आले. लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी या गोष्टी आपणांस ठाऊकच आहेत. मला अप्रूप वाटतें तें रामूअण्णांच्या शिकवणीचें. मोठ्या वयाच्या गृहस्थांनीं धोतराचा सोगा खोंवून भर रस्त्यांत शिकाऊ होणें ही कांहीं लहान गोष्ट नसावी.

नंतरचा काळ फार लवकर पालटला. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकीं हकीम, बापासोला व भूमगारा हे तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. १९३९ सालीं मुंबईस ‘हिंद सायकल्स’ निघाली. श्रीमंतांची चैनीची वस्तु कारकुनाच्या व मास्तराच्या दारांत आली. आमच्या भागांत आतां पाववाला आणि दूधवाला सोडल्यास मोठ्या माणसाला सायकलीवर पाहून लोक वळून बघतात.

माझी सायकल शर्यतीच्या घाटाची. खालीं वांकलेलें हॅण्डल, बारीक चाकें. मागला टायर विरला तेव्हां दुरुस्तीवाल्यापाशीं गेलों. त्यानें आपल्या साध्या सायकलीचा २८ इंची टायर हातांत घेतला आणि मान हलविली, म्हणाला, “सर, हा नाय बसणार.” माझ्या चाकासही व्यवहारांत २८ इंचीच म्हणतात, हें मीं वाचलें होतें. मीं त्यास ऐकविलें कीं अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. तो बिचारा गप्प बसला. घरीं येऊन मापें पाहिलीं तेव्हां कळलें: साध्या सायकलीचा टायर बसतो ६३५ मिलिमीटर व्यासाच्या धांवेवर, आणि माझी धांव ६२२ ची. तेरा मिलिमीटरांचा फरक. टायर ढिलाच राहावयाचा.

परंतु हें कळलें तें घरीं येऊन. तत्पूर्वीं मेट्रोच्या खांबांजवळ तो टायर धांवेवरून उतरला होता आणि मी भुईवर होतों. कोपर सोलवटलें. घरीं जिन्याचें नांव सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं दुरुस्तीवाल्याकडे जाऊन चूक कबूल केली. त्यानें योग्य टायर मागवून दिला. घरांत मात्र ही हकीकत आज रेडिओवरूनच प्रथम कळेल. उद्यां वर्गास सायकलीनें जाईन कीं रिक्षानें, हें रात्रीच्या जेवणाच्या वेळीं ठरेल.