लखनौत जन्मले, ब्रिटनचे पॉपस्टार झाले आणि थेट बीबीसीला कोर्टात खेचलं : कोण आहेत क्लिफ रिचर्ड?

ब्रिटनमध्ये सर्वाधिक सिंगल्स विकणाऱ्यांत बीटल्स आणि एल्विस प्रेस्ली यांच्या खालोखाल ज्यांचं नाव येतं, ते गायक जन्मले लखनौमध्ये. त्यांचं नाव सर क्लिफ रिचर्ड.

हॅरीचा क्लिफ कसा झाला?

मूळ नाव हॅरी वेब. जन्म १४ ऑक्टोबर १९४०. वडील रेल्वेच्या खानपान व्यवस्थेत नोकरीला होते. भारत स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये हे कुटुंब बोटीनं इंग्लंडला गेलं. हॅरी तेव्हा सात वर्षांचा होता.

१९५८ मध्ये 'क्लिफ रिचर्ड' या नव्या नावानं त्यांचं 'मूव्ह इट' हे गाणं आलं आणि थेट दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. बीटल्सचं पहिलं सिंगल यायला तेव्हा अजून चार वर्षं होती. ब्रिटिश रॉक अँड रोलची खरी सुरुवात या गाण्यापासून झाली, असं अनेक जण मानतात.

पुढे १९५० ते १९९० अशा सलग पाच दशकांत त्यांची गाणी नंबर वन ठरली. १९६८ च्या युरोव्हिजन स्पर्धेत मात्र 'काँग्रॅच्युलेशन्स' हे गाणं अवघ्या एका गुणानं हरलं. १९९५ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

मग कोर्टाचा विषय कुठून आला?

ऑगस्ट २०१४ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या एका जुन्या आरोपावरून पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. क्लिफ तेव्हा पोर्तुगालमध्ये होते. बीबीसीनं ही झडती हेलिकॉप्टरमधून चित्रित करून देशभर दाखवली.

त्यांना अटक झाली नाही. आरोपपत्रही दाखल झालं नाही. पुरेसे पुरावे नसल्यानं २०१६ मध्ये प्रकरण बंद झालं. पण तोपर्यंत जवळपास दोन वर्षं त्यांचं नाव या आरोपासोबत घेतलं जात होतं.

क्लिफ यांनी बीबीसीवर खटला भरला. ही बातमी लोकहिताची होती, असं बीबीसीचं म्हणणं होतं. २०१८ मध्ये हायकोर्टानं क्लिफ यांच्या बाजूनं निकाल दिला आणि २ लाख १० हजार पौंडांची भरपाई मंजूर केली.

या निकालाचं महत्त्व काय?

पोलीस तपास सुरू असलेल्या, पण आरोप निश्चित न झालेल्या माणसालाही खासगीपणाचा हक्क असतो, हे या निकालानं अधोरेखित केलं. २०२२ मध्ये एका वेगळ्या खटल्यात ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानंही हेच तत्त्व मान्य केलं.

याला दुसरी बाजूही आहे. संशयिताचं नाव बाहेर आलं की, गप्प बसलेल्या इतर पीडितांना पुढे येण्याचं बळ मिळतं, असं नाव जाहीर करण्याच्या बाजूचे लोक म्हणतात. ब्रिटनमध्ये हा वाद अजून मिटलेला नाही.

पण झडतीची दृश्यं जितक्या लोकांनी पाहिली, तितक्या लोकांपर्यंत 'प्रकरण बंद' ही बातमी पोहोचतेच असं नाही. फॉरवर्ड करण्याआधी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.