चाळकेवाडीचं पठार : गाड्या नसलेल्या मुरमाच्या वाटा अन् सायकल

सातारा : मुरमाच्या-खडीच्या रस्त्यावर लांब पल्ल्याची सायकल चालवणं म्हणजे ग्रॅव्हल सायकलिंग. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी चाळकेवाडी-सडावाघापूरचं पठार चांगलं. सज्जनगड, ठोसेघरमार्गे वर गेलं की पवनचक्क्या दिसतात. त्यांच्या दुरुस्तीसाठी मुरमाचे रस्ते काढलेत. डांबरी सोडून आत शिरलं की गाड्या क्वचितच.

सायकल कोणती? ग्रॅव्हल सायकलचा टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतो. आपल्या जुन्या काळ्या सायकलचा टायर दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटर. रुंदीला तो कमी नाही. अडचण आहे ती चढ-उताराची. गिअर नसल्यानं चढाला ढकलावी लागते अन् सळईचे ब्रेक उताराला पुरत नाहीत. टायरात हवा डांबरीपेक्षा थोडी कमी ठेवावी, पकड राहते.

कधी जावं? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धुकं दाटतं, जांभा दगड शेवाळतो. उन्हाळ्यात सावली नाही. पाणी, पंक्चरचं सामान सोबत हवंच.

काळजी काय? वाट मोकळी दिसली तरी बिनमालकाची नाही. काही रस्ते खासगी, बाजूची रानं आमच्यासारख्या शेतकऱ्यांची. विचारून जा. गुरं आडवी आली तर थांबा, पिकातून सायकल घालू नका. पलीकडे कोयना अभयारण्य आहे, ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथं वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरू नये.

गावच्या पोरांनी वाट दाखवली, घरची पिठलं-भाकरी दिली, तर चार पैसे गावातच राहतील.