निळा लेसर आणि दोन तबकड्या

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्यांचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. तिन्हींत सर्पिल वाटेवर सूक्ष्म खळगे असतात आणि लेसर किरणाच्या ठिपक्याने ते वाचले जातात. ठिपका जितका बारीक, तितके खळगे लहान करता येतात आणि तितकी जास्त माहिती मावते. या साध्या तत्त्वावरच एचडी डीव्हीडी नावाची चौथी तबकडीही निघाली होती. ती २००६ मध्ये बाजारात आली आणि दोन वर्षांत संपली. ती का संपली, हे पाहताना विज्ञान कोठवर निर्णय देते आणि कोठून पुढे माणसांना तो घ्यावा लागतो, हे चांगले समजते.

प्रथम ठिपक्याविषयी. भिंगातून बाहेर पडलेला प्रकाश शंकूच्या आकारात एकवटतो. या शंकूच्या अर्ध्या कोनाचे साइन जितके मोठे, तितका ठिपका लहान. प्रकाशाची तरंगलांबी कमी केली तरीही ठिपका लहान होतो. म्हणजे ठिपक्याचा व्यास तरंगलांबी भागिले साइन या प्रमाणात बदलतो. डीव्हीडीसाठी तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, म्हणजे तांबडा प्रकाश, आणि साइन ०.६०. भागाकार येतो सुमारे १०८३.

ही डीव्हीडीसुद्धा भांडणातूनच जन्मली होती. १९९५ च्या सुरुवातीला सोनी आणि फिलिप्स यांचा एक आराखडा होता, तर तोशिबा, मात्सुशिता आणि टाइम वॉर्नर यांचा दुसरा. व्हिडिओ कॅसेटच्या काळातली बीटामॅक्स आणि व्हीएचएस यांची झुंज सर्वांच्या स्मरणात होती. तेव्हा आय.बी.एम.च्या पुढाकाराने संगणक कंपन्या एकत्र आल्या आणि एकच तबकडी ठरल्याशिवाय आम्ही ती स्वीकारणार नाही, असे त्यांनी बजावले. अखेर तडजोड झाली. ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवण्याची रचना तोशिबाच्या गटाची घेतली, तर माहितीचे संकेतन सोनी-फिलिप्सचे. या संकेतनामुळे धारणक्षमता ५ गिगाबाइटवरून ४.७ वर आली. थोडे कमी मावेल, पण सर्वत्र चालेल, हा सौदा दोघांनी मान्य केला.

पुढचे पाऊल शक्य झाले ते निळ्या प्रकाशामुळे. जपानमधील निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थावर काम करून १९९३ मध्ये तेजस्वी निळा प्रकाश देणारा डायोड बनवला आणि नंतर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा लेसर. निळ्या डायोडसाठी २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना मिळाले. या लेसरची ४०५ नॅनोमीटर ही तरंगलांबी दोन्ही नव्या तबकड्यांनी घेतली. फाटा फुटला तो भिंगाच्या निवडीत.

२००२ च्या फेब्रुवारीत सोनी, फिलिप्स, मात्सुशिता यांच्यासह नऊ कंपन्यांनी ब्लू-रेचा आराखडा जाहीर केला. त्यात साइन होते ०.८५. तोशिबा आणि एन.ई.सी. यांनी मात्र ०.६५ निवडले, त्यांची तबकडी पुढे एचडी डीव्हीडी म्हणून ओळखली गेली. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. ४०५ ला ०.८५ ने भागले की ४७६ येतात आणि ०.६५ ने भागले की ६२३. डीव्हीडीच्या १०८३ शी गुणोत्तर काढून त्याचा वर्ग केला, कारण प्रश्न क्षेत्रफळाचा आहे, तर ब्लू-रेसाठी सुमारे ५.२ पट आणि एचडी डीव्हीडीसाठी ३ पट असे उत्तर येते. ४.७ ला त्याने गुणले की २४ आणि १४. प्रत्यक्षात एका थरावर मावत होते २५ आणि १५ गिगाबाइट!

मग सर्वांनी ०.८५ च का घेतले नाही? कारण प्रकाशाचा शंकू रुंद झाला की तबकडी किंचित कलली तरी ठिपका विसकटतो. प्रकाशाला पार करावा लागणारा प्लास्टिकचा थर जितका जाड, तितका हा दोष अधिक. म्हणून ब्लू-रेमध्ये हा थर केवळ ०.१ मिलिमीटरचा ठेवावा लागला. म्हणजे कारखान्यांत नवी यंत्रे आली. शिवाय माहिती पृष्ठभागालगत आल्याने ओरखड्यांचे भय वाढले. सुरुवातीच्या ब्लू-रे तबकड्या त्यासाठी पेटीत बंद असत. नंतर कठीण लेपामुळे पेटी टळली. एचडी डीव्हीडीने ०.६ मिलिमीटरची जुनी रचना राखली. जुनी यंत्रे थोड्या फेरफारांनी चालणार होती आणि उत्पादन स्वस्त पडणार होते. एकीकडे जास्त जागा, दुसरीकडे सोपे संक्रमण. यांपैकी कोणते उत्तर बरोबर, हे प्रकाशशास्त्र सांगू शकत नाही.

२००५ मध्ये दोन्ही गटांत वाटाघाटी झाल्या, पण थराच्या जाडीवर कोणी हटेना. त्यामागे पेटंटचे उत्पन्न होते, प्रतिष्ठा होती, आणि १९९५ सारखा दोघांनाही दरडावणारा मोठा ग्राहक या वेळी नव्हता. २००६ च्या वसंतात एचडी डीव्हीडीचे यंत्र अमेरिकेत सुमारे ५०० डॉलरला आले. जूनमध्ये आलेले ब्लू-रेचे पहिले यंत्र १००० डॉलरचे. किमतीत तोशिबा पुढे होती. परंतु नोव्हेंबरमध्ये सोनीचे प्लेस्टेशन-३ हे खेळांचे यंत्र आले. प्रत्येक यंत्रात ब्लू-रे वाचण्याची सोय होती. खेळासाठी घेतलेले यंत्र घरोघरी ब्लू-रे पोहोचवू लागले.

चित्रपट कंपन्याही विभागल्या. डिस्ने, फॉक्स आणि सोनी एका बाजूला. युनिव्हर्सल आणि ऑगस्ट २००७ पासून पॅरामाउंट दुसऱ्या बाजूला. दोन्हींवर चित्रपट काढणाऱ्या वॉर्नरने ४ जानेवारी २००८ रोजी केवळ ब्लू-रेला साथ देण्याचे जाहीर केले आणि पारडे झुकले. फेब्रुवारीत वॉलमार्टनेही एचडी डीव्हीडी विकणे थांबवण्याचा निर्णय सांगितला, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. पुढच्याच वर्षी तोशिबा स्वतः ब्लू-रे गटात सामील झाली.

नुकसान झाले ते यंत्र आधीच घेतलेल्या ग्राहकांचे. त्यांच्या तबकड्या शाबूत होत्या, पण नव्या तबकड्या येणार नव्हत्या आणि जुन्या वाचणारी यंत्रे पुन्हा बनणार नव्हती. जिंकलेल्यांच्या पदरातही थोडेच पडले. २००७ च्या जानेवारीतच नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली होती. अनेक प्रेक्षक तबकडीच सोडून त्या वाटेने गेले. माहिती नोंदवायच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन सोनीने २०२५ मध्ये बंद केले.

आपल्या शाळांच्या कपाटांतही फ्लॉपी, कॅसेट, सीडी पडून असतात. विद्यार्थ्यांना त्यांची यादी करायला सांगावी, आणि प्रत्येकीपुढे लिहायला सांगावे : ही वाचणारे यंत्र आज गावात कोणाकडे आहे? ज्यांच्यापुढची जागा कोरी राहील, त्यांतला मजकूर दुसरीकडे उतरवून घेण्याचे काम आधी हाती घ्यावे.